निसर्ग चक्रीवादळ आणि रायगडची भूमी : नुकसानीच्या नोंदीचा इतिहास व भूस्थानिक नकाशांकन
(विशेष संदर्भ : पेण व रोहा तालुके)

प्रस्तावना

कोकणच्या इतिहासलेखनात किल्ले, आरमार, बंदरे, खोती आणि शेतकरी चळवळी यांना जे स्थान मिळाले ते वाऱ्याला मिळालेले नाही. वादळ ही निसर्गाची घटना, ती येते आणि जाते, तिचा इतिहास काय असणार, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. परंतु वादळाने कोणाचे घर पाडले, कोणाची वाडी आडवी केली, कोणाच्या शेतात खारे पाणी घातले आणि कोणाचे नाव नुकसानीच्या यादीत आलेच नाही, हे प्रश्न निसर्गाचे नसून समाजाचे आहेत. म्हणूनच ते इतिहासाचेही आहेत.

दि. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हे प्रश्न नव्याने उभे केले. त्याच सुमारास उपग्रहचित्रे, भूउंचीची प्रतिमाने आणि भौगोलिक माहिती प्रणाली ही साधने महाविद्यालयीन संशोधकाच्याही आवाक्यात आलेली होती. या साधनांच्या साहाय्याने वादळाचे नुकसान नकाशावर मांडता येते आणि डोंगर, खाडी, वनस्पती व वस्ती यांच्याशी त्याचा संबंध तपासता येतो. तथापि, वाऱ्याचा वेग आणि भूरूप हे दोनच थर एकमेकांवर ठेवून रायगडच्या नुकसानीचा पूर्ण उलगडा होत नाही. त्यावर जमिनीच्या इतिहासाचा तिसरा थर ठेवावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. पेण व रोहा हे दोन तालुके त्यासाठी उदाहरण म्हणून घेतले आहेत.

वादळाच्या नोंदीची परंपरा

पश्चिम किनाऱ्यावर हवामानाच्या शास्त्रीय नोंदींची सुरुवात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून झाली. ही वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग अस्तित्वात आला. मुंबईत विजेवरील ट्राम सुरू होणार म्हणून चुंबकीय वेधांचे काम विसाव्या शतकाच्या प्रारंभी अलिबागला हलविण्यात आले. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आजही त्या स्थलांतराची साक्ष देते.

नोव्हेंबर १८५४ आणि नोव्हेंबर १९४८ या दोन वादळांनी मुंबई व लगतच्या किनाऱ्याला तडाखा दिल्याचे नोंदविले गेले आहे. अलीकडच्या काळात ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान हे चक्रीवादळ मुंबई व अलिबाग यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर सरकत १७ मे रोजी गुजरातमध्ये पोहोचले. याउलट, ६ जून १८८२ रोजी मुंबईत एका चक्रीवादळाने एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे विधान अनेक याद्यांमध्ये वर्षानुवर्षे छापले गेले. संशोधकांनी समकालीन कागदपत्रे तपासली असता अशा आपत्तीचा पुरावा मिळाला नाही. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख मृत्यू म्हणजे शहरातील दर आठ माणसांमागे जवळजवळ एक. एवढा संहार वृत्तपत्रांत वा सरकारी दप्तरात उमटला नसेल, हे संभवत नाही.

हे उदाहरण उद्बोधक आहे. न घडलेले वादळ याद्यांमध्ये टिकून राहते आणि घडलेल्या वादळाने गावोगावी काय केले याची नोंद मात्र सापडत नाही. याचे कारण असे की, जुन्या नोंदी वादळ कोठून आले आणि वायुभार किती उतरला हे सांगतात. नुकसान कोणत्या गावात, कोणत्या उतारावर, कोणत्या प्रकारच्या घराचे झाले हे क्वचितच सांगतात. नोंद वेधशाळेची होती, भूमीची नव्हती.

दि. ३ जून २०२० चे वादळ

अरबी समुद्रात १ जून २०२० रोजी तयार झालेला अवदाब दोन दिवसांत तीव्र चक्रीवादळात रूपांतरित झाला. बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे त्याचे नाव, सभासद देशांनी २०२० मध्ये स्वीकारलेल्या नव्या नामसूचीतील पहिले नाव होय. दि. ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत या वादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर असल्याचे हवामान विभागाने नोंदविले आहे. तेथून ते ईशान्येकडे सरकत सह्याद्री ओलांडून पुणे व नाशिकच्या दिशेने गेले आणि ४ जूनपर्यंत क्षीण झाले.

या प्रवासात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, तळा, माणगाव, रोहा व पेण या तालुक्यांना त्याने कमीअधिक प्रमाणात झोडपले. लगतच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुकेही त्यातून सुटले नाहीत. विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी बंद पडले, रस्ते झाडांनी अडले. देशभरातील टाळेबंदीचे निर्बंध नुकतेच सैल होऊ लागले होते आणि मुंबईत रोजगार गमावलेली अनेक कुटुंबे गावी परतली होती. अशा वेळी हे संकट आले. दि. ५ जून रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अलिबागला भेट देऊन रायगड जिल्ह्यासाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

पडलेल्या झाडाची साक्ष

नुकसानीवरून वारा ओळखण्याची पद्धत जगात प्रामुख्याने टोर्नेडो या प्रकारच्या वादळाच्या अभ्यासातून विकसित झाली. टोर्नेडो म्हणजे काही मीटरपासून सामान्यतः एकदोन किलोमीटरपर्यंत रुंदीची, अतिशय वेगवान, ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेली वावटळ. चक्रीवादळाचा विस्तार शेकडो किलोमीटरचा असतो. आकारात हा फरक असला तरी दोहोंच्या अभ्यासात एक अडचण समान आहे. ऐन तडाख्याच्या जागी वेगमापक यंत्र बहुधा नसते. असलेच तर ते मोडून पडते. मागे उरते ते केवळ नुकसान.

जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे शिकागो विद्यापीठात काम केलेले शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या नुकसानीलाच साधन बनविले. १९४५ मध्ये अणुस्फोटानंतर हिरोशिमा व नागासाकी येथील पाहणीत पडलेल्या झाडांच्या दिशा त्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या होत्या. पुढे विमानातून छायाचित्रे घेऊन, प्रत्येक आडव्या झाडाचा बाण नकाशावर काढून वाऱ्याची चाल शोधण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९७१ मध्ये त्यांनी शून्य ते पाच अशी श्रेणी मांडली. दि. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेत झालेल्या १४८ टोर्नेडोंच्या उद्रेकाचे नकाशांकन हे या पद्धतीचे मोठे उदाहरण होय. २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती वापरली जाते. तीत इमारतींचे व झाडांचे मिळून २८ निर्देशक आहेत. तेवढ्याच वाऱ्यात कच्चे घर पडते आणि पक्के उभे राहते, हे त्यामागील तत्त्व आहे. नुकसान म्हणजे वारा नव्हे. नुकसान म्हणजे वारा आणि वस्तू यांची गाठ.

ही पद्धत रायगडला लागू करता येते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडील भागात, वादळाची स्वतःची गती वाऱ्याच्या वेगात मिळते. डाव्या हाताला ती वजा होते. त्यामुळे मार्गाच्या दक्षिणेस झाडे सामान्यतः उत्तर व ईशान्येकडे पडावीत आणि उत्तरेस ती दक्षिण व नैऋत्येकडे पडावीत, अशी अपेक्षा असते. ज्या गावातील झाडे या अपेक्षेविरुद्ध पडली, तेथे डोंगराने किंवा खाडीने वाऱ्याला वळविले असण्याची शक्यता तपासावी लागते. पडलेले झाड तोडून नेण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर त्याची जागा व दिशा नोंदविणे, एवढ्या साध्या कृतीतून मोलाचा पुरावा जमा होऊ शकतो.

डोंगर, खाडी आणि वाडी

रायगडची भूमी सपाट नाही. किनाऱ्यालगत वाळूचा अरुंद पट्टा, त्यामागे वाड्या, लगेच जांभ्याचे सडे व डोंगर, मध्ये आत शिरलेल्या खाड्या आणि पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा अशी तिची रचना आहे. वाऱ्याला डोंगर आडवा आला की माथ्यावर त्याचा वेग वाढतो आणि पाठीमागे भोवरे तयार होतात. खाडीच्या पाण्यावर घर्षण कमी असल्याने वारा तेथून विनाअडथळा आत येतो. राजपुरीची खाडी म्हसळ्याकडे, कुंडलिकेची खाडी रेवदंड्याहून रोह्याकडे आणि धरमतरची खाडी पेणच्या खारेपाटाकडे अशा वाटा उघडतात. रोहा शहर समुद्रापासून आत असले तरी कुंडलिकेच्या खोऱ्यामुळे ते समुद्राशी जोडलेले आहे. म्हणून केवळ किनाऱ्यापासूनचे अंतर मोजून धोक्याचे पट्टे आखणे अपुरे ठरते.

भूउंचीचे प्रतिमान तयार करण्यासाठी फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी अवकाशयानाच्या रडार मोहिमेची आकडेवारी विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यावरून उतार, उताराची दिशा आणि वाऱ्यास उघडी असलेली बाजू काढता येते. भारताच्या कार्टोसॅट उपग्रहांच्या चित्रांनी यात भर घातली आहे.

तथापि, भूरूपासारखीच वाडीची अंतर्गत रचनाही निर्णायक असते. सुपारीचे झाड उंच, सडपातळ आणि उथळ मुळांचे असते. दाट वाडीत झाडे एकमेकांच्या आडोशाने उभी राहतात. कडेची रांग पडली की पुढची रांग उघडी पडते आणि पडणाऱ्या नारळाखाली सुपाऱ्या मोडतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध असलेल्या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यामागे वाऱ्याच्या वेगाबरोबर ही साखळीही होती. सुपारीचे नवे झाड फळाला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे एका दुपारच्या नुकसानीचा हिशेब एका हंगामात संपत नाही.

खारेपाट : बांधाचा इतिहास

पेण तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे खारेपाट. वाशी, वढाव, दादर, रावे या परिसरातील भातजमीन ही समुद्राकडून मिळविलेली जमीन आहे. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीला सोडून द्यायचे आणि पावसाने मीठ धुऊन निघाले की भात लावायचे, अशी ही शतकानुशतकांची व्यवस्था होय. एकोणिसाव्या शतकातील महसुली कागदपत्रांत आणि १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये ती ‘शिलोत्री’ या नावाने येते. बांध घालून राखणारा शिलोत्रदार त्या मोबदल्यात कुळांकडून भाताचा ठराविक हिस्सा घेत असे. बांध राखण्याची जबाबदारी अशा रीतीने जमिनीच्या हक्काशी बांधलेली होती.

हा संबंध विसाव्या शतकात सुटत गेला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला. खोतीच्या अन्यायाविरुद्धच्या या लढ्याने संपूर्ण खारेपाटातील कुळांना नवी जाणीव दिली. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, ही ऐतिहासिक न्यायाचीच गोष्ट होती. परंतु बांध हा एकट्या शेतकऱ्याचा नसतो. त्याच्या देखभालीसाठी १९४८ मध्ये खारजमीन कायदा झाला आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. गावकीचे व शिलोत्रदाराचे काम शासकीय यंत्रणेकडे गेले. जेथे देखभाल नियमित झाली तेथे बांध टिकले. जेथे ती रखडली तेथे उधाणाच्या भरतीला खांड पडून खारे पाणी शेतात शिरू लागले आणि कांदळवनाने शेताची जागा घेतली.

नकाशांकनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, खारेपाटातील एकाच उंचीची दोन शेते वादळात समान धोक्यात नसतात. एकाचा बांध राखलेला असतो, दुसऱ्याचा नसतो. उंचीच्या नकाशावर ती एकाच रंगाची दिसतील. त्यांच्यातील भेद उपग्रहाला कळत नाही. तो खारजमीन योजनांच्या दप्तरात, गावकीच्या आठवणीत आणि जुन्या मोजणीच्या नकाशात असतो.

कौल, पत्रा आणि गणपतीचे कारखाने

पेण शहर व हमरापूर, जोहे या परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने देशभर प्रसिद्ध आहेत. गणेशोत्सवाच्या आधीचे महिने हा येथील ऐन कामाचा काळ. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. वादळ आले तेव्हा कारखान्यांत कच्च्या, रंग न दिलेल्या व वाळत घातलेल्या मूर्तींच्या रांगा होत्या. छपराचे पत्रे उडाले आणि पावसाचे पाणी मूर्तींवर पडले. टाळेबंदीमुळे मागणीची अनिश्चितता आधीच होती. त्यात हा आघात झाला.

पत्र्याचे छप्पर उडण्यामागे साधे शास्त्र आहे. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूचा दाब कमी करतो. उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. दोन्ही मिळून छप्पर वर उचलले जाते. कौलांच्या फटींतून हवेला वाट मिळते. कौले सुटी सुटी सरकतात, फुटतात, परंतु छप्पर एकदम जात नाही. पत्रा मात्र एकसंध असल्याने खिळा निसटताच पूर्ण उडतो आणि दुसऱ्याच्या घरावर जाऊन आपटतो. गवताच्या पेंढ्याकडून कौलाकडे आणि कौलाकडून पत्र्याकडे झालेला कोकणातील घरांचा प्रवास हा लाकूड, मजुरी व स्वस्ताईच्या अर्थकारणाचा इतिहास आहे. मूर्तिकारांना तर मूर्ती वाळविण्यासाठी प्रशस्त, मोकळी व खांब कमी असलेली जागा लागते. ती पत्र्याखालीच परवडते. अशा तऱ्हेने वाऱ्याला सर्वांत दुबळी असलेली इमारत आणि पाण्याला सर्वांत नाजूक असलेला माल हे पेणमध्ये एकाच छपराखाली आले.

पंचनामा : हेक्टर आणि झाड

नुकसानीची गावपातळीवरील नोंद म्हणजे पंचनामा. २०२० मध्ये तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पंचांसमक्ष नुकसान लिहीत. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, नुकसानीचा प्रकार व प्रमाण अशी त्याची रचना असते. वेधशाळेच्या जुन्या नोंदींत जे नव्हते ते, म्हणजे नुकसानीचे स्थान, पंचनाम्यात असते. प्रत्येक गट क्रमांकाला गावनकाशावर ठराविक जागा असल्याने पंचनाम्यांचा गठ्ठा हा वस्तुतः एक न काढलेला नकाशाच होय.

मात्र पंचनाम्याच्या मोजमापालाही इतिहास आहे. महसुली मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटपाने त्या लहान होत गेल्या. एकाच वाडीत नारळ, सुपारी, आंबा, फणस, केळी, जायफळ आणि सुपारीवर चढलेला मिरवेल असे थर असतात. शासकीय मदतीचे परिमाण मात्र हेक्टरचे होते. निसर्ग वादळानंतर राज्य शासनाने फळबागांसाठीची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली. ही वाढ मोठी होती. तरीही हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतराने सुपारी लावल्यास हेक्टरी सुमारे १,३७० झाडे बसतात. त्या हिशेबाने एका सुपारीच्या वाट्याला सुमारे ३६ रुपये येतात. पाच गुंठ्यांची संपूर्ण वाडी गेलेल्या बागायतदाराला २,५०० रुपये मिळणार, हे लक्षात आल्यावर कोकणात नाराजी व्यक्त झाली आणि नारळ व सुपारीसाठी झाडांच्या संख्येवर आधारित मदतीचा निर्णय नंतर घेण्यात आला.

हेक्टरकडून झाडाकडे झालेला हा बदल केवळ प्रशासकीय नाही. देशावरील एकपिकी शेतासाठी योग्य असलेले मोजमाप कोकणच्या थरांच्या वाडीला लागू पडत नाही, याची ती कबुली होती. नकाशाचे एकक बदलले की नुकसानीचे चित्र बदलते, हे भूस्थानिक अभ्यासातील तत्त्व येथे प्रत्यक्ष कुटुंबांच्या उदरनिर्वाहाशी जोडलेले दिसते.

आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. वादळाच्या मार्गातील मुलूख एका राजवटीखाली नव्हता. पेणचा बहुतांश भाग पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला. अलिबाग परिसरातील आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन हे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. त्यामुळे या भागांची मोजणी, धारा व दप्तर एकाच काळी, एकाच पद्धतीने तयार झाले नाहीत. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले तरी त्याच्या जुन्या नकाशांत तीन राजवटींचे सांधे आहेत. ते नकाशे उपग्रहचित्रावर बसविताना हे सांधे ध्यानात न घेतल्यास गट क्रमांक आणि जागा यांची फारकत होण्याचा धोका असतो.

उपग्रहाची नजर आणि तिच्या मर्यादा

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य मिळतात. वादळापूर्वीच्या व नंतरच्या चित्रांतील हिरवाईचा निर्देशांक वजा करून वनस्पतींची हानी काढणे ही जगभर रूढ झालेली रीत आहे. रायगडमध्ये तिला दोन अडचणी येतात. पहिली ढगांची. वादळ ३ जूनला आले आणि मोसमी पाऊस ११ जून २०२० रोजी महाराष्ट्रात दाखल झाला. निरभ्र आकाशाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतात, परंतु त्यांच्या चित्रांचे वाचन अधिक कौशल्याचे असते. दुसरी अडचण हिरवाईचीच. जूनमध्ये पाऊस पडताच पडलेल्या वाडीत गवत, टाकळा व वेली उगवतात. निर्देशांक वाढतो आणि उद्ध्वस्त वाडी उपग्रहाला हिरवीगार दिसते. पावसाळा संपल्यावर काढलेला नकाशा म्हणूनच फसवा ठरू शकतो. त्याची पडताळणी पंचनाम्यांशी केल्यावाचून निष्कर्ष काढणे इष्ट नाही. भारताच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे २००९ मध्ये सुरू झालेले ‘भुवन’ हे संकेतस्थळ आणि क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली यांमुळे अशी पडताळणी ग्रामीण महाविद्यालयातही करता येण्यासारखी आहे.

नकाशात नसलेली वस्ती

गावनकाशात गावठाण असते, गट असतात, ओढे व रस्ते असतात. डोंगर उतारावरील कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या मात्र अनेकदा खाजगी मालकीच्या वा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या असल्याने स्वतंत्र गावठाण म्हणून त्यांची नोंद नसते. रायगडमधील दळी जमिनींचा प्रश्नही असाच आहे. डोंगरात नाचणी, वरी करणाऱ्या कुटुंबांच्या ताब्यात जमीन पिढ्यान्‌पिढ्या राहिली, परंतु सातबारावर नाव आले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची वाट खुली केली, पण दावा म्हणजे नोंद नव्हे. ज्याचा सातबारा नाही त्याच्या नुकसानीचा पंचनामा करताना अडचण येते, आणि ज्याचा पंचनामा नाही त्याचे नुकसान नकाशावर उमटत नाही. नकाशावर जे उमटत नाही ते पुढच्या नियोजनातही येत नाही.

याचे गांभीर्य पुढील घटनांनी स्पष्ट केले. दि. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि दि. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची डोंगरावरील वस्ती. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. वादळ आणि दरड या भिन्न आपत्ती असल्या तरी त्यांच्यातील दुवा हाच आहे. यादीत नाव असणे किंवा नसणे हे भूशास्त्राइतकेच महसुली इतिहासावर अवलंबून असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, निसर्ग वादळाचे पेण व रोहा परिसरातील नुकसान किनाऱ्यापासूनच्या अंतराने नव्हे, तर खाडी, खोरे, डोंगराची बाजू व बांधकामाचा प्रकार यांच्या एकत्रित परिणामाने समजते. दुसरा, खारेपाटातील बांधाची स्थिती, वाडीची वाटणी आणि छपराचा प्रकार ही सर्व ऐतिहासिक प्रक्रियांची फळे असल्याने नुकसानीच्या नकाशात जमिनीच्या इतिहासाचा थर आवश्यक ठरतो. तिसरा, पंचनामा हे केवळ मदतवाटपाचे कागद नसून स्थाननिष्ठ ऐतिहासिक साधन आहे. मदत वाटून झाली की त्याचे काम संपले, असे मानता कामा नये. चौथा, कोणत्याही नकाशाची कसोटी त्यात काय दाखविले आहे यावर जितकी, तितकीच काय सुटले आहे यावर लागते.

यातून एक कार्यही सूचित होते. २०२० च्या पंचनाम्यांचे संगणकीकरण करून, खातेदारांची नावे वगळून, गटवार नुकसान गावनकाशावर मांडणे. खारजमीन योजनांच्या बांधांची व उघाड्यांची स्थिती दरवर्षी नोंदविणे. आणि गावठाणाबाहेरील प्रत्येक वाडीचे स्थान प्रत्यक्ष जाऊन निश्चित करणे ही कामे मोठ्या निधीची नाहीत. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग महसूल यंत्रणेच्या सहकार्याने ती हाती घेऊ शकतात. वादळाच्या दिवशी वाऱ्याची नोंद करायला वेधशाळा आहे. वादळानंतरच्या भूमीची नोंद ठेवणारी तशी कायमची व्यवस्था अद्याप उभी राहायची आहे, आणि ती उभी राहीपर्यंत पुढच्या वादळाचा इतिहासही केवळ सातबारा असणाऱ्यांचाच लिहिला जाईल.